अभ्यासपाठ : वीतभर माती



या अंकासाठी संपादकांनी मला "पर्यावरणावर काहीतरी" लिहायला सांगितले. विषय एवढा मोठा की कुठून धरावा ते कळेना. शेवटी वसतिगृहातल्या मुलांनीच वाट दाखवली.

सहामाही परीक्षेच्या आधी मी पाचवी-सहावीच्या मुलांचा अभ्यास घेत होते. "मातीचे उपयोग लिहा" असा प्रश्न घातला. पुस्तकी उत्तर ठरलेले आहे : झाडांना आधार, पाणी धरून ठेवणे, भांडी, मूर्ती, विटा. वह्या तपासताना लक्षात आले की कातकरी मुलांपैकी बहुतेकांनी पहिला उपयोग लिहिला होता, "विटा". दोघातिघांनी तर तेवढाच लिहिला होता. चूक म्हणता येईना. दिवाळी झाली की भिवंडी, वाडा, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर आईबापांच्या मागे ही मुले गेलेली आहेत. माती त्यांनी पाहिली ती तुडवताना, साच्यात भरताना, उन्हात वाळत घालताना. तिच्यातून काही उगवताना त्यांनी फार कमी पाहिले आहे.

याच मुलांना मी एकदा निर्गमातली गोष्ट सांगत होते. इस्राएल लोक मिसर देशात विटा करतात, फारो त्यांचे गवत बंद करतो, तो भाग. एका मुलाने मध्येच थांबवून विचारले, "ताई, गवत कशाला? तूस नाय टाकीत ते?" आमच्याकडच्या भट्ट्यांवर मातीत भाताचे तूस मिसळतात. थिऑलॉजीच्या डिप्लोमात हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.

तर हा पाठ मातीबद्दल आहे. ज्यांना आपल्या मंडळीच्या तरुण संघात किंवा संडे स्कूलमध्ये तो घ्यायचा असेल त्यांच्यासाठी शेवटी एक प्रयोगही दिला आहे.

सुरुवात एका जुन्या प्रयोगापासून करू. यान फान हेल्मोंट नावाचा एक वैद्य ब्रुसेल्स भागात राहत होता. त्याने एका मोठ्या कुंडीत भट्टीत वाळवलेली २०० पौंड, म्हणजे सुमारे ९० किलो माती घातली आणि तीत वाळुंजाचे रोप लावले. स्तोत्रसंहितेमुळे वाळुंज आपल्या परिचयाचे आहे. रोपाचे वजन ५ पौंड होते. पाच वर्षे त्याने फक्त पाणी घातले. मग झाड उपटून वजन केले, ते १६९ पौंडांवर, म्हणजे जवळजवळ ७७ किलो भरले. माती पुन्हा वाळवून तोलली, तर ती फक्त २ औंसांनी, सुमारे ५७ ग्रॅमनी कमी झाली होती. हा प्रयोग त्याच्या मृत्यूनंतर १६४८ मध्ये छापला गेला. झाड पाण्याचेच बनते, असा निष्कर्ष त्याने काढला. हवेतला कर्बवायू आणि सूर्यप्रकाश यांचे काम कळायला पुढे सव्वाशे-दीडशे वर्षे जावी लागली.

मी हे मुलांना सांगितले की एखादे हुशार मूल विचारतेच : मग माती कशाला हवी? झाडाच्या ७७ किलोंत मातीचा वाटा चिमूटभर!

सगळी गोम त्या चिमटीत आहे. वनस्पतीला वाढायला १७ मूलद्रव्ये लागतात. कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन हवा-पाण्यातून मिळतात. उरलेली १४ मुळांना मातीतून घ्यावी लागतात : नत्र, स्फुरद, पालाश, कॅल्शियम, लोह, जस्त वगैरे. आमटीत मीठ किती असते? पण ते नसले तर ताट बाजूला सरते. आमच्या भागातली नागली घ्या. तिच्यात तांदळापेक्षा कितीतरी पट कॅल्शियम असते. ते पावसातून आले नाही. ते सह्याद्रीच्या काळ्या कातळात होते; कातळ झिजून मातीत आले, मातीतून मुळात, मुळातून दाण्यात, आणि भाकरीतून बाळंतिणीच्या दुधात. १९९२-९३ मध्ये वावर-वांगणीच्या बालमृत्यूंमुळे जव्हार तालुक्याचे नाव देशभर पोहोचले. तेव्हापासून या भागात कुपोषणावर पुष्कळ बोलले आणि लिहिले गेले आहे. त्यात पोषण आहार, गोळ्या, दवाखाने येतात, आणि ती सारी हवीतच. मातीचे नाव मात्र क्वचित निघते.

जव्हार-मोखाड्याकडे कधी आलात तर मी तुम्हाला एका ओढ्याच्या काठी नेईन. तिथे पाण्याने दरड कापली आहे, आणि जमिनीचा छेद केक कापल्यासारखा दिसतो. सर्वांत वर पालापाचोळा. त्याखाली वीत-दीड वीत गडद, भुसभुशीत माती, जिला पहिल्या पावसाचा वास असतो. मग तांबूस, घट्ट थर. मग मुरूम. तळाला कातळ. हा कातळ लाव्हारसाचा आहे, साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. हाच दगड विदर्भ-खानदेशात झिजला तर काळी माती होते. आमच्याकडे वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तो विरघळणारे सारे धुऊन नेतो आणि लोह मागे राहते, म्हणून इकडची माती तांबूस. संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना सांगते की दोन-तीन सेंटिमीटर माती तयार व्हायला हजार वर्षांपर्यंत काळ लागू शकतो. अंबरनाथचे शिवमंदिर १०६० सालचे आहे. ते बांधणाऱ्या पाथरवटांच्या काळापासून आजपर्यंत जेवढी माती झाली असेल, ती तुमच्या अंगठ्याच्या पेराएवढी.

आणि ती नुसती दगडाची भुकटी नसते. चांगल्या मातीचा निम्मा भाग पोकळ असतो. त्या पोकळ्यांत पाणी आणि हवा असते, आणि तिथेच मातीची सारी वस्ती राहते. चमचाभर सकस मातीत जगातल्या माणसांपेक्षा जास्त सूक्ष्मजीव असतात. गांडुळाचे काम तर सर्वांना माहीत आहे. चार्ल्स डार्विनने मरणापूर्वी सुमारे सहा महिने, १८८१ मध्ये, छापलेले शेवटचे पुस्तक गांडुळांवरच होते. मुलांना मी उडदाचे झाड मुळासकट हलकेच उपटायला लावते. मुळांवर बारीक गाठी असतात. नखाने एक फोडायची. आतून गुलाबी निघाली तर ती कामावर आहे, म्हणजे तिच्यातले जिवाणू हवेतला नत्र पकडून झाडाला देत आहेत. नागलीबरोबर उडीद आणि तूर पेरायची ही इकडची जुनी पद्धत आहे. तिचे कारण विचारले तर "आधीपासून असाच हाय" एवढेच उत्तर मिळते. पण कारण त्या गुलाबी गाठीत आहे.

आता पावसाचा विचार करू. मोठा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग ताशी ३० किलोमीटरच्या आसपास असतो. झाडाची पाने, गवत, पाचोळा यांच्यावर तो फुटला तर पाणी हळूहळू मुरते. उघड्या मातीवर पडला तर मातीचे ढेकूळ फुटते, बारीक कण उडतात आणि पोकळ्या बुजवतात. मग पाणी मुरायचे थांबते आणि वाहू लागते. पावसाळ्यात कुठल्याही कुडाच्या घराची भिंत पाहा, गुडघ्यापर्यंत चिखलाची नक्षी उठलेली असते. ती थेंबांनी काढलेली असते.

डोंगरउतारावर हे रोजचे होते. एक हिशेब मी सर्व सभांमध्ये सांगते, इथेही सांगते. एकरभर शेतातून फक्त एक मिलिमीटर जाडीची माती वाहून गेली, तर तिचे वजन साधारण पाच टन होते. एक मिलिमीटर डोळ्यांना दिसत नाही. शेतकरी बांधावर उभा राहिला तरी शेत त्याला कालच्यासारखेच दिसते. मात्र सारखेच नसते, कारण जातो तो वरचा, काळसर, जिवंत थर. खालचा लाल थर जागेवर राहतो, पण त्यात दम नसतो.

पाड्यावरचे एक म्हातारे बाबा (ते वारली आहेत, त्यांच्या बोलीत सगळ्यांनाच "तू" म्हणतात, मलाही) एकदा आपल्या वरकस जमिनीत मला घेऊन गेले. त्यांच्या वडिलांच्या काळी उतारावर तीन वर्षे नागली-वरई-खुरासणी घ्यायची आणि मग पाच-सात वर्षे जमीन पड टाकायची, अशी रीत होती. तेवढ्यात झुडपे वाढायची, पाला पडायचा, माती सावरायची. नंतर जंगलखात्याच्या हद्दी आल्या, घरे वाढली, तुकडे लहान झाले. २००६ च्या वनहक्क कायद्याने अनेकांना हक्काचा पट्टा मिळाला, ही न्यायाची गोष्ट झाली, पण तो तुकडा ठरलेला. पड टाकायला दुसरी जागा नाही. बाबांनी पायाच्या अंगठ्याने माती उकरली. चार बोटांवर दगड लागला. म्हणाले, "माझा बाप हितं नांगर दाबून धरीत होता. आता दाबला त फाळ वाजतं."

लेवीयाच्या पंचविसाव्या अध्यायात सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा नियम आहे. आपण तो यहूदी लोकांचा धार्मिक रिवाज म्हणून वाचतो आणि पुढे जातो. ज्या लोकांनी बायबल कधी पाहिले नाही त्यांच्याकडे जमिनीला विसावा द्यायचा नियम शेतीच्या गरजेतून आलेला पाहिला तेव्हा मी तो अध्याय पुन्हा सावकाश वाचला.

पेरणाऱ्याच्या दाखल्याचेही तसेच. काही बी खडकाळ जमिनीवर पडले, लगेच उगवले, ऊन लागताच करपले. लगेच का उगवले? माती खोल नव्हती म्हणून, असे मार्कच्या चौथ्या अध्यायात कारणही दिले आहे. मी वर्षानुवर्षे याचा अर्थ उथळ मनाची माणसे असा शिकवला, आणि तो अर्थ प्रभूनेच सांगितला आहे. पण दाखला शेतीच्या बाजूनेही अगदी अचूक आहे. पातळ माती लवकर तापते, म्हणून कोंब लवकर येतो. ओल साठवायला मात्र तिच्यात जागाच नसते. आमच्या उतारांवर जूनच्या शेवटी सर्वांत आधी हिरवा दिसणारा तुकडा हाच सर्वांत गरीब असतो. सप्टेंबरात आठ-दहा दिवस पाऊस ओढ घेतो, आणि लोंबी भरायच्या वेळी तो तुकडा पिवळा पडतो. दाखल्यात चार प्रकारच्या जमिनी मुळातच तशा आहेत. आमच्याकडे बाबांच्या एका आयुष्यात चांगल्या जमिनीची खडकाळ झाली.

लोंबी भरली नाही की धान्य दिवाळीपर्यंतच पुरते. मुकादम त्याच सुमारास पाड्यावर येतो आणि उचल देतो. उचल घेतली की घराला कुलूप.

इथे मला एक गोष्ट कबूल करायची आहे. काही वर्षांपूर्वी मी पाणलोट विकासाचे आठवडाभराचे प्रशिक्षण घेऊन आले. आपल्यापैकी काहींच्या देणगीतून एका पाड्यावर मातीचा बांध घालायचे ठरले. प्रशिक्षणात "माथा ते पायथा" हे पहिल्याच दिवशी शिकवले होते : पाणी वरून अडवत यायचे, खाली शेवटी. नगर जिल्ह्यात जेझुइट फादर हर्मन बाखर यांनी गावकऱ्यांना बरोबर घेऊन याच पद्धतीने कामे उभी केली आणि १९९३ मध्ये क्रिस्पिनो लोबो यांच्यासह त्यासाठी संस्थाही काढली, हेही आम्हाला सांगितले होते. मी वहीत सारे उतरवून घेतले होते. तरी सुरुवात पायथ्यापासून केली, कारण जीप तिथपर्यंत जात होती आणि मार्चअखेर जवळ आली होती. बांधाची रेषा दोरी ताणून सरळ आखली. डोंगर सरळ नसतो. आणि सांडवा ठेवला नाही. "पाणी अडवायचे आहे ना, मग वाट कशाला?" असे मी म्हटल्याचे मला आठवते.

बाबा तेव्हा तिथेच बसले होते. म्हणाले, "पाण्याला वाट ठेव ताई. नायतर ते आपली वाट करल."

जुलैत तीन दिवस झड लागली. तिसऱ्या रात्री बांध फुटला. मागे साठलेले सारे पाणी एकाच जागेतून सुटले. सकाळी मी पोहोचले तेव्हा दोन घरांच्या नागलीतून कमरेएवढी घळ पडली होती, आणि खालच्या भाताच्या खाचरात आवणीला तयार रोपांवर दगड-वाळू पसरली होती. जी माती राखायची म्हणून आम्ही गेलो होतो, ती आमच्याच बांधाने एका रात्रीत नेली. कुणी मला बोलले नाही. बोलले असते तर बरे झाले असते.

त्या दोन्ही घरांनी त्या वर्षी दिवाळीचीही वाट पाहिली नाही. एका घरची मुलगी आपल्या वसतिगृहात चौथीला होती, अक्षर फार सुरेख. वडील येऊन तिची पेटी घेऊन गेले. ती परत आली नाही. त्या तिमाहीच्या अहवालात मी "अतिवृष्टीमुळे बांधाचे नुकसान" असे लिहिले होते. आपण तो वाचला असेल. ते अर्धेच खरे होते.

पुढच्या वर्षी काम पुन्हा सुरू केले ते डोंगराच्या माथ्यावरून, आणि बाबांना विचारून. समपातळी रेषा शोधायला यंत्र लागत नाही. दोन सारख्या लांबीच्या काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये आडवी तिसरी, माथ्यावरून दोरीला दगड लोंबता सोडायचा. दोरी आडव्या काठीच्या मध्यखुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. पाय फिरवत पुढे जायचे आणि खुंट्या ठोकत राहायचे. रेषा सापासारखी वळते. मुलांना हे काम इतके आवडले की शाळा सुटल्यावर ती स्वतःहून यायची. त्या रेषेवर शेतातलेच दगड रचून गुडघ्याएवढे बांध घातले. दगडी बांधातून पाणी झिरपून जाते, माती मागे थांबते. जिथे पाणी जमते तिथे सांडवा ठेवला. जागा बाबांनी दाखवली. बांधाच्या कडेला वाळ्याचे गवत आणि गिरीपुष्प लावले. गिरीपुष्पाचा पाला कापून शेतात टाकला की तेच खत. नांगरट उताराला आडवी.

पहिल्या वर्षी पीक काहीच वाढले नाही, हे मी स्पष्ट लिहिते, कारण अशा लेखांत पहिल्याच वर्षी चमत्कार होतो असे वाचले आहे. तीन पावसाळ्यांनंतर वरच्या बांधांमागे वीतभर माती साठली. ती नवी झालेली नाही. वरून घसरलेली थांबली आहे. तिथे पहिल्यांदा उडीद चांगला आला. खालच्या विहिरीला पूर्वी फेब्रुवारीत तळ दिसायचा, आता पाणी मार्चपर्यंत टिकते. ज्या दोन घरांचे नुकसान झाले त्यांपैकी एक परतले, आणि गेल्या दिवाळीनंतर भट्टीवर गेले नाही. दुसरे परतले नाही.

राबाबद्दल दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाही, कारण शहरातून येणारे पाहुणे उन्हाळ्यात हमखास विचारतात, "हे लोक शेत का जाळतात?" भाताच्या रोपांसाठी जो तुकडा ठेवलेला असतो त्यावर शेण, झाडांच्या फांद्या, पाचोळा, गवत, वर थोडी माती असे थर देऊन भाजतात. त्याला राब म्हणतात. हा अडाणीपणा नाही. भाजल्याने तणाचे बी आणि किडी मरतात, राखेतून पालाश मिळतो, रोप जोमाने येते आणि उपटायला सोपे जाते. पण तोटाही खरा आहे. शेण-पाचोळ्यातला नत्र धुरात जातो, जो कुजून मातीला मऊ करायचा तो भाग राख होतो, आणि आइनासारखी झाडे छाटून छाटून खुंट होतात. राब बंद करा असे सांगणे सोपे आहे. त्याऐवजी तण कसे आवरायचे हे दाखवणे अवघड. आमच्याकडे तीन-चार घरे आता अर्धे वाफे गादीवाफ्यावर कंपोस्ट घालून करतात आणि अर्धे भाजतात. तुलना करून पाहत आहेत. मी घाई करत नाही. कंपोस्टची जी इंदूर पद्धत जगभर गेली, तीही अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूरला बसून, इथल्या शेतकऱ्यांकडे पाहून बसवलेली होती.

मुंबई-ठाण्याच्या वाचकांना वाटेल, हे आमच्यापासून लांबचे. आपल्या नळाला येणारे वैतरणेचे पाणी या डोंगरांवरूनच येते. पावसाळ्यात ते लाल होऊन वाहते तेव्हा त्यात कुणाची तरी नागलीची माती असते, आणि ती धरणांच्या तळाशी जाऊन बसते. जगातल्या सर्व झाडाझुडपांत आणि हवेत मिळून जेवढा कर्ब आहे त्याहून जास्त मातीत साठलेला आहे. माती उघडी पडली, झिजली की त्यातला काही हवेत सुटतो. हवामान बदलाच्या चर्चेत हाही हिशेब येतो. आणि एक तक्रार : आपल्या कित्येक चर्चच्या आवारात दर शनिवारी वाळकी पाने झाडून पेटवतात, रविवारी स्वच्छ दिसावे म्हणून. एका कोपऱ्यात खड्डा करून ती टाकली तर सहा-आठ महिन्यांत खत मिळेल. मी हे तीन मंडळ्यांना सुचवले. एकीने केले.

आता प्रयोग. पाण्याच्या तीन मोठ्या प्लास्टिक बाटल्या आडव्या ठेवून वरची बाजू कापा. तिन्हींत सारखी माती भरा. पहिलीत नुसती माती. दुसरीत मातीवर वाळका पाला. तिसरीत आधी दोन-तीन आठवडे मेथी किंवा गवत उगवू द्या. बाटल्या तोंडाकडे किंचित उतरत्या ठेवा, तोंडाखाली पेले टांगा. झारीने प्रत्येकीवर सारखेच पाणी घाला. पेल्यांत पाणी किती वेळाने येते, किती येते आणि कोणत्या रंगाचे येते ते मुलांना वहीत लिहू द्या. उत्तर आधी सांगू नका. आमच्या मुलांनी पहिल्या पेल्यातले पाणी रात्रभर ठेवून सकाळी तळाचा गाळ बोटाने मोजला. प्रयोगानंतर मार्कचा चौथा अध्याय वाचावा.

येत्या जानेवारीत पाड्याच्या उत्तरेकडच्या उतारावर दगडी बांधांचे काम आहे. रेषा आखून झाली आहे. बाबांना आता डोंगर चढवत नाही, म्हणून सांडव्यांच्या जागा त्यांनी खाली बसून काठीने दाखवल्या आणि त्यांच्या नातवाने खुंट्या ठोकल्या. मंडळीतल्या तरुणांनी दोन-दोन दिवसांसाठी यावे, अशी विनंती आहे. घमेली-पहारी इथे आहेत. येताना टोपी, पाण्याची बाटली आणि जाड तळाचे बूट आणावेत. जेवण पाड्यावर, नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी.